पंचेचाळीस अंशांचा घोळ

मी वजनमापे खात्यात तपासनीस आहे. शहरातल्या निम्म्या तागड्यांवर, पेट्रोलच्या नळ्यांवर आणि कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्यांवर मी तपासल्याचा शिक्का असतो. मी दुकानात शिरलो की दुकानदार आपोआप सरळ उभा राहतो. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे घडलं ते निदान माझ्या बाबतीत तरी घडायला नको होतं, एवढंच लक्षात यावं म्हणून सांगतो.

आम्ही हॉलमध्ये लाकडी फरशी बसवून घेतली. बसवणाऱ्याने चारी भिंतींच्या कडेने बोटभर फट ठेवली. लाकूड हवेने फुगतं, त्याला जागा लागते, वरून स्कर्टिंगची पट्टी लावली की फट दिसत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. मग पट्ट्या भिंतीला टेकवून ठेवल्या, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. तो उद्या अजून उगवायचा आहे.

चौथ्या दिवशी बाबांची काठी त्या फटीत अडकली. काठी तिथेच उभी राहिली आणि बाबा सोफ्यावर आडवे झाले. वय ब्याऐंशी. आम्ही धावलो तर म्हणाले, "मी बसणारच होतो." पण त्यानंतर ते भिंतीकडेने चालायचे बंद झाले. म्हणजे जिथे आधाराला भिंत आहे तिथे जायचं नाही आणि जिथे काहीच नाही त्या हॉलच्या मधोमध चालायचं. बायको मला म्हणाली, "हे आता त्या माणसावर सोडून चालणार नाही."

एक सुतार येऊन बघून गेला. "एवढ्याशा कामाला कोण येणार?" असं मलाच विचारून गेला. मग मी म्हणालो, की मापाने पट्टी कापायची आणि भिंतीला लावायची, यात आहे काय? सत्तावीस वर्षं मी दुसरं काय केलं? बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला नेहमी बोलण्यापेक्षा नीट ऐकू येतं.

यंत्र मेव्हण्यांकडे होतं. बायकोचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. गाडी सुटली तरी दादांचा पाय त्या ब्रेकवरून काही निघाला नाही. सुतारकामाची हौस म्हणून त्यांनी सरकती करवत घेतली होती. गोल पातं, ते दोन दांड्यांवरून पुढेमागे सरकतं, खाली फिरता पाट आणि त्यावर अंशांच्या खुणा. ती करवत त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटवर बसवून, पट्टा लावून आणली.

"आधी प्लग काढलेल्या यंत्रावर शिकायचं," दादा म्हणाले.

मग इमारतीच्या पार्किंगमध्ये माझी शिकवणी सुरू झाली. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे. बाह्या कोपराच्या वर. अंगठी काढायची. ती साबण लावून निघाली आणि तिच्याबरोबर थोडी कातडीही निघाली. पट्टी पाटाच्या मागच्या लोखंडी आडोशाला घट्ट टेकवून शिकंज्यात आवळायची. हात पात्यापासून वीतभर लांब. पातं आधी स्वतःकडे ओढून घ्यायचं, चालू करायचं, पूर्ण वेग येऊ द्यायचा, मग खाली दाबायचं आणि पलीकडे ढकलत न्यायचं. कापून झाल्यावर बटण सोडायचं आणि पातं थांबेपर्यंत ते तिथेच खाली ठेवायचं.

"लोक इथेच चुकतात," दादा म्हणाले. "काम झालं की घाई होते. गाडी थांबायच्या आधी दार उघडणारी माणसं असतात ना, तसं."

बंद यंत्रावर त्यांनी माझ्याकडून वीस वेळा कापून घेतलं. हवा कापली म्हणा. एकविसाव्या वेळी मी जरा हसलो, तर पुन्हा पहिल्यापासून. जाताना म्हणाले, "मी रोज संध्याकाळी फोन करीन. फक्त बोटं किती ते सांगायचं."

ते खरोखर फोन करायचे. मी ऑफिसात असलो तर, "दहा?" "दहा," एवढंच बोलून आम्ही फोन ठेवायचो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा ठाम समज झाला की मी घोड्यांवर पैसे लावतो.

यंत्र चालू करायचं तर इमारतीची परवानगी हवी. आमच्या सेक्रेटरीबाई निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली आणि आता त्या आमच्या वरच्या मजल्यावरून इमारत शिकवतात. माझा अर्ज त्यांनी लाल शाईच्या खुणांसकट परत केला. 'यंत्राचा प्रकार : स्थिर / फिरते' यापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं.

"बाई, यंत्र एका जागी असतं, पण त्यातलं पातं सरकतं आणि फिरतंही."

"मग दोन्ही नाही. एकावर खूण करा."

मी स्वतः सरकारी माणूस आहे. असे रकाने मी लोकांना भरायला लावतो. त्या रकान्यासमोर बसल्यावर माणसाला काय वाटतं हे मला प्रथमच कळलं आणि ते कळून मला अजिबात आनंद झाला नाही. शेवटी 'स्थिर' लिहून कंसात 'परंतु चंचल' असं लिहिलं. ते मंजूर झालं. वेळ मिळाली दुपारी एक ते दोन. सकाळी आणि संध्याकाळी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांचा दवाखाना असतो आणि दोननंतर इमारत झोपते. म्हणजे मला अर्ध्या दिवसाच्या रजा घेणं आलं. साहेबांनी कारण विचारलं. मी "घरातला कोपरा" म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि आणखी काही विचारलं नाही. त्यांना काय समजलं कुणास ठाऊक.

पहिल्या दिवशी मी भिंत मोजली, पट्टीवर बारीक पेन्सिलीने रेघ मारली, रेघेवर नेम धरून कापलं. सगळं दादांच्या नियमाने. पातं थांबेपर्यंत थांबलो. तेवढ्यात दवाखान्याचं दार उघडलं आणि एक गृहस्थ गळ्यातल्या कागदी रुमालासकट, तोंडात कापूस धरून, झपाझप फाटकाबाहेर गेले. त्यांच्यामागून दंतवैद्य आले.

"एक वाजून गेला तरी माझा शेवटचा पेशंट खुर्चीत होता," ते म्हणाले. "मी नुसता आरसा घातला होता तोंडात. आणि तुम्ही तो आवाज काढलात."

मी माफी मागितली. मग वर जाऊन पट्टी लावून पाहिली तर ती तीन मिलिमीटर आखूड. मी पुन्हा भिंत मोजली. भिंत तेवढीच. पट्टी मात्र नाही. बराच वेळ मी तिथे उकिडवा बसून होतो. मग उजेड पडला की पात्यालाही जाडी असते आणि ते जिथून जातं तिथल्या लाकडाचा भुसा होतो. रेघेच्या कुठल्या बाजूचा भुसा करायचा हे आधी ठरवावं लागतं. मी ते पात्यावर सोडलं होतं.

दुसऱ्या रजेत दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापल्या. कोपऱ्यात दोन भिंती मिळतात, प्रत्येक पट्टी निम्म्या कोनात कापली की दोन्ही मिळून काटकोन. वर आणून लावल्या तर एकीचं टोक कोपऱ्याकडे आणि दुसरीचंही त्याच बाजूला. दोन डावे बूट आणल्यासारखं झालं. मी एक पट्टी उलटी करून पाहिली, तर नक्षी खाली गेली. दुसरी उलटी केली तर तीही गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

"जागा बदलून बघा ना," ती म्हणाली.

"कोणाची?"

"पट्ट्यांची. तुमची कशाला?"

तिसऱ्या रजेत मात्र एक डावी आणि एक उजवी, दोन्ही बरोबर पंचेचाळीस, रेघेच्या बरोबर बाजूने. पट्ट्या कोपऱ्यात मागच्या बाजूला एकमेकींना टेकल्या आणि पुढच्या बाजूला त्यांनी तोंड उघडलं. बसचं तिकीट सहज आत जाईल एवढी फट.

आता माझं डोकं चालेना. टेप चुकला असेल म्हणून मी तो ऑफिसात नेऊन प्रमाण मीटरशी ताडून पाहिला. बरोबर. यंत्राच्या खुणा तपासल्या. बरोबर. एक फळी काटकोनात कापून, अर्धी उलटवून तोंडाला तोंड लावून पाहिलं. तंतोतंत. म्हणजे टेप खरा, यंत्र खरं, पट्टी खरी आणि मी तर शिक्का मारणारा. कुणाचीच चूक नाही आणि फट मात्र आहे. दुकानदाराचं असं काही निघालं असतं तर मी त्याला काय म्हणालो असतो ते मला माहीत आहे. तेच मी स्वतःला म्हणून घेतलं.

मग सल्ले सुरू झाले. दंतवैद्य आता जेवून पार्किंगमध्ये यायचे. म्हणाले, "एवढी कीड असेल तर आम्ही फिलिंग करतो. भुसा आणि गोंद कालवून भरा आणि चोवीस तास त्या बाजूने काही चावू नका." शेवटचं वाक्य सवयीने गेलं असावं. दादांनी फोनवर निदान केलं, "तुम्ही क्लच लवकर सोडता." करवतीला क्लच नसतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, "म्हणूनच." बायकोने त्या कोपऱ्यात कुंडी ठेवायचं सुचवलं. हॉलला कोपरे चार आहेत आणि कुंडी एक, हे मी तिला दाखवून दिलं. त्यावर ती म्हणाली, की फट तरी चारही कोपऱ्यांत कुठे पडलीय अजून.

सेक्रेटरीबाई पाहणीसाठी आल्या आणि यंत्राच्या खुणा बघून अस्वस्थ झाल्या.

"हा सरळ काप आहे ना? म्हणजे नव्वद अंश. मग इथे शून्य का लिहिलंय?"

"बाई, यंत्र सरळ कापाला शून्य म्हणतं."

"यंत्राने म्हणून कसं चालेल? आणि पंचेचाळीसला काय म्हणतं?"

"पंचेचाळीसच."

"बघा," त्या म्हणाल्या. "एकच उत्तर जमलंय, तेही दोन्हीकडून मोजलं तरी तेच येतं म्हणून."

हे ऐकून मी सेहेचाळीस करून पाहिलं. फट वाढली. तो सेहेचाळीस यंत्राचा होता की बाईंचा, ते मला आता सांगता येणार नाही. मग चव्वेचाळीस केला, पण फक्त एका पट्टीचा, आणि नेमका पहिल्या पट्टीचा की दुसरीचा यात गोंधळ झाला. प्रत्येक कापाबरोबर पट्टी आखूड व्हायची. लांब भिंतीसाठी आणलेली पट्टी आखूड भिंतीला गेली, तिथून दारामागे, तिथून खिडकीखाली, आणि शेवटी ती बायकोने खिडकी उघडी राहावी म्हणून फटीत घातली. बघता बघता लांब भिंतीएवढी एकच पट्टी उरली. दुकानात विचारलं तर त्या नक्षीची पट्टी येणं बंद झालेलं. चूक करायला आता लाकूडच शिल्लक नव्हतं.

त्या दुपारी मी हॉलमध्ये जमिनीवर बसलो होतो. समोर ती शेवटची पट्टी. बाबा हॉलच्या मधून, कशालाही न धरता, हळूहळू चालत आले आणि सोफ्यावर बसले.

बाबा शिंपी. बाजारात त्यांचं मशीनएवढ्याच रुंदीचं दुकान होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा उत्साहाने त्यांचा कापडी टेप तपासला होता आणि तो पाव इंच वाढलेला निघाला म्हणून त्यांना सांगितलंही होतं. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यानंतर मोजमापाच्या विषयावर आम्ही दोघांनी कधी चर्चा केली नाही. या सगळ्या प्रकारातही त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

"तू काय काय मोजलंस?" त्यांनी विचारलं.

"भिंतीची लांबी. पट्टीची लांबी. पात्याची जाडी."

"आणि कोपरा?"

"कोपरा काय मोजायचा, बाबा? कोपरा नव्वद अंशांचाच असतो."

"कुणी सांगितलं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की तसं कुणीच सांगितलं नव्हतं.

बाबांनी सूनबाईकडून खाकी कागद मागवला. कुठलंसं पार्सल आलं होतं त्याचा. मग ते काठी टेकत भिंतीपाशी गेले, मी धरायला उठलो तर हातानेच थांबवलं, आणि खाली बसले. कागद कोपऱ्यात सरकवला. अंगठ्याच्या नखाने दोन्ही भिंतींच्या बुडाशी घडी उमटवली, कागद काढला आणि कात्रीने त्या घडीवरून कापला. एरवी चहाचा कप धरताना त्यांचे हात थरथरतात. कात्री धरल्यावर थरथरले नाहीत. मी ते पाहिलं आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

"तुझा गुण्या आण," ते म्हणाले.

मी लोखंडी काटकोन आणून कागदावर ठेवला. कागद एका बाजूने बाहेर डोकावत होता. चांगला सहा-सात अंश. भिंत गुण्यात नव्हती.

"माणूस समोर उभा असताना पुस्तकातलं माप घेऊन सदरा कापतोस तू," बाबा म्हणाले. "मी चाळीस वर्षांत दोन सारखे खांदे पाहिले नाहीत. सगळ्यांना वाटतं आपले सारखे आहेत. शिंप्याने ते बोलून दाखवायचं नसतं, कापडात सांभाळून घ्यायचं."

मग त्यांनी कागदाची एक कड दुसऱ्या कडेवर आणून घडी घातली. कोपऱ्याचे झाले दोन सारखे भाग. "हा तुझा काप," म्हणाले.

मला अजूनही नीट उमगलं नव्हतं. ही घडी किती अंशांची, ती शून्याकडून मोजायची की नव्वदकडून, हे मी विचारायला लागलो. बाबांनी काठी उचलली आणि जिन्याकडे निघाले.

पार्किंगमध्ये त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. दंतवैद्य जेवणानंतरचा दात कोरत उभे होते. बाबांच्या डोळ्यांवर चष्मा लावला. यंत्राचा प्लग काढलेला होता. बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी घडी घातलेला कागद मागच्या आडोशाला टेकवला आणि पातं खाली आणून, फिरवत फिरवत, घडीच्या रेघेला लावलं.

"आकडा बघायचा नाही," बाबा म्हणाले.

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मी प्रथमच आकडा न बघता माप घेतलं. खुणा माझ्या पंजाने झाकलेल्या होत्या. पाट आवळला, कागद काढला, पट्टी शिकंज्यात धरली, प्लग लावला. पातं ओढलं, वेग येऊ दिला, दाबलं, ढकललं. बटण सोडून थांबलो. दंतवैद्यांनी कानांत बोटं घातली होती. पातं थांबलं तरी मी वर उचलेना, तेव्हा बाबाच म्हणाले, "झालं, आता सोड त्याला."

दुसरी बाजूही एका जुन्या तुकड्यातून तशीच कापून वर नेली आणि दोन्ही पट्ट्या कोपऱ्यात बसवल्या. मी तिकीट घालून पाहिलं. गेलं नाही. कागद घालून पाहिला. गेला नाही. बाबा खाली बसले, सांध्यावरून नख फिरवलं, आणि म्हणाले, "शिवण बसली." बायको तिथेच उभी होती. तिने खिडकीत घातलेला तो तुकडा काढून माझ्या हातात दिला.

उरलेले तीन कोपरे आम्ही दोघांनी तशाच घड्या घालून काढले. जुन्या तुकड्यांत जोड देऊन भागवलं. चारांतला एकही कोपरा काटकोन नव्हता. दोन काटकोनाहून जाड होते, दोन बारीक.

काम झाल्याच्या कागदावर सही करायला सेक्रेटरीबाई आल्या. मी त्यांना चार कागद दाखवले. त्यांनी एकेक उचलून डोळ्यांजवळ नेला.

"माझा हॉल तुमच्या बरोबर वर आहे," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

त्या सोफ्यावर बसल्या. "मुलं शिकवणीला घरी यायची. कुणाला काटकोन कळला नाही की मी भिंतीचा कोपरा दाखवायचे. म्हणायचे, हे बघा, हा काटकोन, हा कधी चुकत नाही."

बाबांनी विचारलं, "मुलांचं काही बिघडलं का, बाई?"

"नाही. चांगली निघाली," बाई म्हणाल्या. मग सहीचा कागद पुढे ओढत म्हणाल्या, "एक तर इमारती बांधतो."

त्यांनी सही केली, पण 'मोजमाप योग्य' या वाक्याखाली त्यांचं पेन बराच वेळ थांबलं होतं.

दोन दिवसांनी दंतवैद्य आले. दवाखान्यातली फरशी बदलायची होती आणि पट्टी बाबांच्याच हातची हवी होती. बाबांनी आत जाऊन स्वच्छ सदरा घातला, कानावर खडू ठेवला, खाकी कागदाची गुंडाळी काखेत मारली आणि माझा दंड धरून खाली आले. खुर्चीत कुणीतरी तोंड उघडं ठेवून बसलं होतं. त्याला वळसा घालून बाबा कोपऱ्यात गेले. भिंत खालपासून वरपर्यंत निरखली. हात लावून पाहिला. मग मागे वळून, दंतवैद्यांना नव्हे, त्या भिंतीलाच विचारावं अशा आवाजात म्हणाले,

"फिटिंगमध्ये ठेवू, की थोडं सैल?"